बनवारीलाल पुरोहित: नागपूरचा वृत्तपत्रमालक तीन राजभवनांत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

तालुक्याच्या अभ्यासिकेत बसणारी मुलं पुरोहितांबद्दल तारखा विचारतात. ग्रामसभेतली माणसं विचारतात की राज्यपालाकडे गेलं तर काम होतं का. दोन्ही प्रकारचे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत, कारण पुरोहितांची कारकीर्द नीट पाहिली की दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही बऱ्यापैकी मिळतं.

पुरोहित मूळचे विदर्भाचे का?

नाही. जन्म १६ एप्रिल १९४० चा, राजस्थानातल्या झुंझुनू जिल्ह्यातल्या नवलगढचा. हा शेखावाटीचा मुलूख. कापसाच्या व्यापारामागोमाग तिथली कितीतरी घराणी वऱ्हाड-नागपुरात आली. हिंगणघाट, धामणगाव, खामगाव, अकोला अशा कोणत्याही कापूसपेठेत मारवाडी पेढी आहेच. पुरोहितांचं शिक्षण नागपूर विद्यापीठात, वाणिज्य शाखेत झालं. धंदा आणि राजकारण दोन्ही नागपूरचंच, त्यामुळे ‘नागपूरचे पुरोहित’ म्हणण्यात काही चूक नाही. परीक्षेत जन्मस्थळ विचारलं तर मात्र नवलगढच लिहा.

त्यांचा धंदा नेमका कोणता?

मुख्य ओळख ‘द हितवाद’ या इंग्रजी दैनिकाची. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजाने १९११ मध्ये नागपुरात ते सुरू केलं. पुढे मालकी बदलत गेली आणि पत्र पुरोहितांकडे आलं. व्यवस्थापकीय संपादक म्हणून त्यांनी ते अनेक वर्षं चालवलं. नागपूरखेरीज जबलपूर, रायपूर आणि भोपाळ इथूनही त्याच्या आवृत्त्या निघतात.

वृत्तपत्राचा धंदा बाहेरून दिसतो तेवढा सोपा नाही. अंकाच्या किमतीतून कागदाचा खर्चसुद्धा निघत नाही. विक्रेत्याचं कमिशन, गाडीभाडं आणि परत आलेले अंक वजा केले की हातात फार थोडं उरतं. पत्र जगतं ते जाहिरातींवर, आणि जाहिरात देणाऱ्यांत सरकार मोठं गिऱ्हाईक. म्हणून वृत्तपत्राच्या मालकाला राजकारणापासून लांब राहणं कधीच पूर्ण जमत नाही. खेड्यात येतो तो अंक बहुधा डाक आवृत्तीचा. ती शहर आवृत्तीच्या कितीतरी तास आधी छापून गाडीत चढते, म्हणून रात्री उशिराची बातमी तुमच्या गावात एक दिवस उशिराने वाचायला मिळते.

शिक्षणसंस्था हा दुसरा भाग. भारतीय विद्या भवनच्या नागपूर केंद्राचे ते अध्यक्ष होते. केंद्राच्या शाळांना त्यांच्या वडिलांचं, भगवानदास पुरोहित यांचं नाव आहे. १९३८ मध्ये हे भवन स्थापन करणारे कन्हैयालाल मुन्शीही पुढे १९५२ ते १९५७ या काळात उत्तर प्रदेशचे राज्यपाल होते, एवढं जाता जाता.

राजकारणात कधी आले? कोणत्या निवडणुका जिंकल्या, कोणत्या हरल्या?

१९७७ च्या सुमारास वेगळ्या विदर्भाच्या चळवळीतून. पुढचा क्रम असा:

- १९७८: नागपूर पूर्वमधून विधानसभेवर विजयी, काँग्रेस (इं).
- १९८०: नागपूर दक्षिणमधून विजयी, पक्ष तोच. १९८२ मध्ये राज्यमंत्री. नगरविकास, झोपडपट्टी सुधार आणि गृहनिर्माण ही खाती.
- १९८४ आणि १९८९: नागपूरमधून लोकसभेवर, काँग्रेस.
- १९९१: भाजपकडून उभे. काँग्रेसच्या दत्ता मेघे यांच्याकडून पराभव.
- १९९६: नागपूरमधून लोकसभेवर विजयी, भाजप.
- १९९९: पुन्हा काँग्रेस, या वेळी रामटेक. शिवसेनेच्या सुबोध मोहिते यांच्याकडून पराभव.
- २००३: स्वतःचा विदर्भ राज्य पक्ष.
- २००९: पुन्हा भाजप, नागपूर. काँग्रेसच्या विलास मुत्तेमवार यांच्याकडून पराभव.

थोडक्यात, आमदार दोनदा आणि खासदार तीनदा. काही मार्गदर्शक पुस्तकांत ‘तीन वेळा भाजपचे खासदार’ असं छापलेलं सापडतं, ते चूक आहे. तीनपैकी दोन वेळा ते काँग्रेसचे होते.

इतक्या वेळा पक्ष का बदलले?

पहिला बदल अयोध्येच्या प्रश्नावरून झाला. दुसरा भाजपमधल्या अंतर्गत मतभेदांतून, आणि त्या वेळी प्रमोद महाजन यांच्याशी न जमल्याची चर्चा उघड होती. तिसऱ्या वेळी त्यांनी वेगळ्या विदर्भाचा मुद्दा घेऊन स्वतःचा पक्ष काढला. तो चालला नाही. विदर्भात वेगळ्या राज्याच्या सभेला गर्दी होते, मतं मात्र त्या पेटीत पडत नाहीत. हा अनुभव त्यांच्या आधीच्यांनाही आला आणि नंतरच्यांनाही.

बारकाईने पाहिलं तर या माणसाला पक्षाच्या चौकटीत फार काळ राहवत नव्हतं. स्वतःचं पत्र आणि स्वतःच्या संस्था असलेल्याला दुसऱ्याच्या सहीची वाट पाहायची सवय नसते. हा स्वभाव लक्षात ठेवा. तामिळनाडू आणि पंजाबच्या प्रश्नांत तो पुन्हा येणार आहे.

राज्यपाल कसे झाले? अर्ज करतात का?

अर्ज नाही, परीक्षा नाही, निवडणूकही नाही. २०१४ ला नागपूरची उमेदवारी नितीन गडकरींना मिळाली आणि ते निवडून आले. त्यानंतर दोन वर्षांनी पुरोहितांच्या नावाचं पत्र निघालं. प्रक्रिया अशी: केंद्र सरकार नाव ठरवतं, राष्ट्रपती आपल्या सही-शिक्क्याने नेमणूक करतात (अनुच्छेद १५५), राष्ट्रपती भवनातून प्रसिद्धिपत्रक निघतं, आणि त्या राज्याच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती शपथ देतात (अनुच्छेद १५९). पात्रता दोनच: भारताचा नागरिक आणि वय ३५ पूर्ण (अनुच्छेद १५७).

राज्याबाहेरची व्यक्ती असावी आणि नुकती सक्रिय राजकारणात नसावी, असं सरकारिया आयोगाने १९८८ च्या अहवालात सुचवलं होतं. बाहेरच्या राज्याची गोष्ट बहुतेक वेळा पाळली जाते. दुसरी क्वचितच.

राज्यपाल होताना धंदा सोडावा लागतो का?

अनुच्छेद १५८ दोन अटी घालतो. संसदेचं किंवा विधिमंडळाचं सदस्यत्व असेल तर शपथेच्या दिवशी ते आपोआप संपतं. आणि दुसरं कोणतंही लाभाचं पद धारण करता येत नाही. इथे लोक गल्लत करतात ती ‘लाभाचं पद’ आणि ‘लाभ’ यांत. शेती, घरभाडं, शेअर, कुटुंबाच्या कंपनीतला हिस्सा यावर घटनेत बंदी नाही. पगारी संचालक, व्यवस्थापक किंवा संपादक म्हणून काम चालू ठेवायचं तर मात्र अडचण. म्हणून धंदेवाली माणसं शपथेआधी अशी पदं सोडतात आणि रोजचा कारभार घरातल्या पुढच्या पिढीकडे जातो.

पगार दरमहा ३,५०,००० रुपये. राहायला राजभवन (२०२५ च्या अखेरीपासून नाव ‘लोकभवन’), भाडं नाही. कार्यकाळ चालू असताना पगार-भत्ते कमी करता येत नाहीत. एकाच माणसाकडे दोन राज्यं असली तर पगार दुप्पट होत नाही, तो दोन राज्यांत वाटून द्यावा लागतो (अनुच्छेद १५८ चा ३-अ खंड).

आसाम आणि मेघालय, दोन्ही एकदमच?

आसामची शपथ २२ ऑगस्ट २०१६ ला. सर्वानंद सोनोवाल यांचं नवं सरकार होतं आणि राजभवन-सरकार फारसं वाजलं नाही. जानेवारी २०१७ मध्ये मेघालयाचे राज्यपाल व्ही. षण्मुगनाथन यांनी राजीनामा दिल्यावर तिथला अतिरिक्त कार्यभार पुरोहितांकडे आला. एका माणसाला एकापेक्षा जास्त राज्यं देण्याची मुभा १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने मिळाली आहे.

तामिळनाडूत वाद का झाले?

त्यांच्या आधी तिथे वर्षभरापेक्षा जास्त काळ पूर्णवेळ राज्यपालच नव्हते. महाराष्ट्राचे राज्यपाल सी. विद्यासागर राव यांच्याकडेच तो कार्यभार होता. जयललितांचं निधन, पक्षातली फूट, आमदारांची अपात्रता हे सगळं त्याच काळात झालं. ६ ऑक्टोबर २०१७ ला पुरोहितांनी शपथ घेतली आणि पुढच्याच महिन्यात कोईम्बतूरला जाऊन जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांची बैठक घेतली. मग इतर जिल्ह्यांतही तसंच सुरू झालं. द्रमुकने काळे झेंडे दाखवले. राज्यपालाने आढावा घेतला तर मंत्र्याने काय करायचं, हा त्यांचा सवाल. जून २०१८ मध्ये नामक्कलला आंदोलकांची धरपकड झाल्यावर राजभवनाने पत्रक काढून भारतीय दंड संहितेच्या कलम १२४ ची आठवण दिली. राज्यपालाला त्याच्या अधिकारांच्या वापरात धाकदपटशा किंवा बळाने अडवलं, तर त्या कलमाखाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होती.

घटनेचा विचार केला तर माहिती मागण्याचा हक्क राज्यपालाला आहे, पण तो मुख्यमंत्र्यामार्फत (अनुच्छेद १६७). जिल्हाधिकाऱ्याला थेट समोर बसवून कामाचा हिशेब घेणं ही कारखानदाराची पद्धत झाली. कारखान्यात ती गुणाची असते.

बाकीच्या ठळक गोष्टी:

सरकारी शाळांतल्या मुलांना वैद्यकीय प्रवेशात ७.५ टक्के जागा देणारं विधेयक महिन्याहून अधिक काळ राजभवनात राहिलं. शेवटी सरकारने २९ ऑक्टोबर २०२० ला स्वतःचा आदेश काढला आणि दुसऱ्या दिवशी राज्यपालांची सही झाली.

राजीव गांधी हत्या खटल्यातल्या सात दोषींच्या सुटकेची शिफारस मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०१८ मध्ये केली होती. हा निर्णय राष्ट्रपतींनी घ्यायचा, असं राजभवनाने जवळपास अडीच वर्षांनी, २०२१ च्या सुरुवातीला सांगितलं. १८ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद १४२ (पूर्ण न्यायासाठीचा विशेष अधिकार) वापरून त्या सातांपैकी पेरारिवलनची सुटका केली. तोवर पुरोहित चेन्नईत नव्हते, पण निकालात चर्चा झाली ती त्यांच्या काळातल्या विलंबाची.

कुलगुरूपदं कोट्यवधींना विकली गेल्याचं त्यांनी २०१८ मध्ये जाहीरपणे म्हटलं. तेही गाजलं. एप्रिल २०१८ मध्ये पत्रकार परिषदेनंतर एका महिला पत्रकाराचा गाल त्यांनी थोपटला, टीका झाली, आणि त्यांनी लेखी माफी मागितली. ही घटना वगळून त्यांचं चरित्र सांगणारे लेख पुष्कळ आहेत. आम्ही वगळत नाही.

७ मे २०२१ ला एम. के. स्टालिन यांना मुख्यमंत्रिपदाची शपथ त्यांनीच दिली.

पंजाबमध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत प्रकरण का गेलं?

३१ ऑगस्ट २०२१ ला त्यांनी पंजाबच्या अतिरिक्त कार्यभाराची शपथ घेतली आणि सप्टेंबरमध्ये ते पूर्णवेळ राज्यपाल झाले. पंजाबचा राज्यपाल हाच चंडीगडचा प्रशासकही असतो, १९८४ पासूनची ही रीत. सुरुवातीलाच अमरिंदर सिंग यांचा राजीनामा आणि चरणजित सिंग चन्नी यांचा शपथविधी आला. मार्च २०२२ मध्ये भगवंत मान मुख्यमंत्री झाले, आणि तिथून ठिणग्या उडायला लागल्या.

सप्टेंबर २०२२: विश्वासदर्शक ठरावासाठी बोलावलेल्या विशेष अधिवेशनाची परवानगी राज्यपालांनी मागे घेतली.

फेब्रुवारी २०२३: प्रशिक्षणासाठी सिंगापूरला पाठवलेल्या शाळांच्या प्राचार्यांची निवड कशी झाली, अशी माहिती त्यांनी पत्राने मागितली. मुख्यमंत्र्यांनी उत्तर समाजमाध्यमावर, आणि तेही टोचून दिलं. मग राज्यपाल म्हणाले की अर्थसंकल्पी अधिवेशन बोलावण्याआधी कायदेशीर सल्ला घेतो. सरकार न्यायालयात गेलं. २८ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने दोघांचेही कान उपटले: राज्यपालाने मागितलेली माहिती देणं मुख्यमंत्र्याचं कर्तव्य आहे, आणि मंत्रिमंडळाने सांगितल्यावर अधिवेशन बोलावणं राज्यपालाचं. त्याच दिवशी ३ मार्चच्या अधिवेशनाचा आदेश निघाला.

जून २०२३: खरा पेच इथे पडला. मार्चचं अधिवेशन बेमुदत तहकूब केलं होतं, पण सत्रसमाप्ती (राज्यपालांच्या आदेशाने सत्र औपचारिकपणे संपवणं) झाली नव्हती. त्याचाच पुढचा भाग म्हणून विधानसभाध्यक्षांनी १९ आणि २० जूनला बैठक घेतली आणि चार विधेयकं मंजूर झाली. शीख गुरुद्वारा कायद्यातली दुरुस्ती आणि विद्यापीठांचं कुलपतिपद राज्यपालांकडून मुख्यमंत्र्यांकडे नेणारं विधेयक त्यांतच होतं. राज्यपालांच्या मते ही बैठकच बेकायदा, म्हणून विधेयकं अडली. ऑगस्टमध्ये त्यांनी पत्रातून राष्ट्रपती राजवटीची शिफारस करण्याचा इशारा दिला. ऑक्टोबरच्या बैठकीआधी तीन धनविधेयकं (कर आणि सरकारी पैशाची विधेयकं) मांडायला संमती नाकारली.

१० नोव्हेंबर २०२३ ला निकाल लागला. जूनची बैठक वैध. बैठक वैध की अवैध या संशयावरून राज्यपाल विधेयक अडवू शकत नाही. संमती द्यायची नसेल तर ते विधानसभेकडे परत पाठवायला हवं, नुसतं ठेवून घेता येत नाही. न्यायालयाने सरकारलाही सुनावलं की अधिवेशन सत्रसमाप्तीविना वर्षभर ताणत ठेवणं बरं नाही. त्यानंतर पुरोहितांनी चारपैकी तीन विधेयकं राष्ट्रपतींसाठी राखून ठेवली.

सीमेवरच्या जिल्ह्यांत मात्र त्यांनी गावोगाव जाऊन ड्रोनने येणारे अंमली पदार्थ रोखण्यासाठी ग्रामसंरक्षण समित्यांवर भर दिला. तेही फिरणंच होतं, पण त्याला विरोध फारसा झाला नाही.

विधेयक ‘राजभवनात अडकलं’ म्हणजे नक्की काय होतं?

विधिमंडळाने मंजूर केलेलं विधेयक अनुच्छेद २०० खाली राज्यपालांसमोर जातं. पुढे वाटा तीन: सही करणं, निरोपासह फेरविचाराला परत पाठवणं, किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवणं. परत आलेलं विधेयक सभागृहाने पुन्हा मंजूर केलं तर मग संमती रोखता येत नाही. धनविधेयक परत पाठवता येत नाही, कारण ते मांडण्याआधीच अनुच्छेद २०७ प्रमाणे राज्यपालाची शिफारस घ्यावी लागते. पंजाबातला ऑक्टोबरचा अडथळा याच दारात होता. मुलं २०० आणि २०७ इथेच गोंधळतात.

अडकतं ते मुदत नसल्यामुळे. घटनेत ‘शक्य तितक्या लवकर’ एवढंच म्हटलं आहे. एप्रिल २०२५ मध्ये तामिळनाडूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी महिन्यांच्या मुदती घातल्या. २० नोव्हेंबर २०२५ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राष्ट्रपतींच्या विचारणेवर मत दिलं की न्यायालय अशी मुदत ठरवू शकत नाही आणि सही झाली असं गृहीतही धरता येत नाही, पण कारण न देता दीर्घकाळ स्वस्थ बसल्यास न्यायालय मर्यादित दखल घेऊ शकतं. परीक्षेला हे नवं मत लिहा, जुन्या नोट्समधली तीन महिन्यांची मुदत नको.

राजीनामा कधी दिला?

३ फेब्रुवारी २०२४ ला, ‘व्यक्तिगत कारणं आणि काही इतर जबाबदाऱ्या’ सांगून. पण तो लगेच स्वीकारला गेला नाही. जुलैअखेरीस गुलाबचंद कटारिया यांची नेमणूक झाली आणि ३१ जुलै २०२४ ला त्यांनी शपथ घेतली. तोवर पुरोहितच राज्यपाल होते. म्हणून ‘कार्यकाळ फेब्रुवारी २०२४ पर्यंत’ हे उत्तर चूक.

तारखांत आणखी कुठे चुका होतात?

नेमणुकीची तारीख आणि शपथेची तारीख. आसामची नेमणूक १७ ऑगस्ट २०१६, शपथ २२ ऑगस्ट. तामिळनाडूची नेमणूक ३० सप्टेंबर २०१७, शपथ ६ ऑक्टोबर. पदग्रहण विचारलं तर शपथेचीच तारीख. मेघालय अतिरिक्त कार्यभार होता, म्हणून ‘पूर्णवेळ किती राज्यं’ याचं उत्तर तीन.

विदर्भातून आणखी कोण राज्यपाल झालं?

पुसदचे सुधाकरराव नाईक (हिमाचल प्रदेश), प्रतिभाताई पाटील (राजस्थान, २००४ ते २००७), रा. सू. गवई (बिहार, मग केरळ) आणि वर्ध्याच्या प्रभा राव (हिमाचल प्रदेश, मग राजस्थान). धंद्यातून आलेले त्यांच्यात पुरोहितच.

“आमच्या वावराचा अन् राज्यपालाचा काय संबंध?”

वाटतो त्यापेक्षा जास्त, आणि तो महाराष्ट्राच्या राज्यपालांशी. अनुच्छेद ३७१(२) खाली विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी विकास मंडळं आणि निधीचं न्याय्य वाटप ही राज्यपालांची विशेष जबाबदारी करता येते. मंडळं १९९४ मध्ये आली, मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती पुन्हा स्थापण्याचा ठराव केला, पण ठरावाने मंडळ उभं राहत नाही. त्यासाठी राष्ट्रपतींचा आदेश लागतो. अनुशेष, म्हणजे मागे पडलेल्या भागाची विकासातली तूट, मोजली ती दांडेकर समितीने १९८४ च्या अहवालात. तेव्हा राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६ कोटी रुपये धरला होता.

दुसरा धागा घटनेच्या पाचव्या अनुसूचीचा, म्हणजे आदिवासी भागांसाठीच्या तरतुदींचा. धारणी-चिखलदरा, एटापल्ली-अहेरी-सिरोंचा-धानोरा, यवतमाळातला केळापूरकडचा भाग ही अनुसूचित क्षेत्रं. इथे एखादा कायदा लागू करायचा की बदलून लागू करायचा, हे राज्यपाल अधिसूचनेने ठरवू शकतात. ९ जून २०१४ च्या अधिसूचनेने तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक अशी काही पदं तिथल्या स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी राखली गेली. आदिवासी मुलांना दार उघडलं, आणि गडचिरोलीतल्या ओबीसी मुलांची जागा जवळपास संपली. ही दुखरी बाजू अजून मिटलेली नाही. मे २०२० च्या अधिसूचनेने वनहक्काच्या दाव्यांवर जिल्हा समितीच्या निर्णयाविरुद्ध विभागीय समितीकडे अपील करण्याची वाट दिली. दावा फेटाळला गेलेल्यांनी ही वाट आधी पाहावी. थेट लोकभवनाला पत्र टाकून वेळ जातो.

राज्यपालांना निवेदन कसं द्यायचं? आणि फुकट का जातं?

१. विषय एकच घ्या. रस्ता, विहीर आणि रेशन एका पत्रात घातलं की ते तीन खात्यांत फिरत राहतं.
२. ग्रामसभेचा ठराव असेल तर ठराव क्रमांक, तारीख, सूचक-अनुमोदक आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याची (पूर्वीच्या ग्रामसेवकाची) सही असलेली प्रत जोडा.
३. जमिनीचा विषय असेल तर गट क्रमांक, सातबारा, दाव्याचा क्रमांक आणि फेटाळल्याच्या आदेशाची प्रत.
४. आधी कुठे अर्ज केला, कधी केला आणि काय उत्तर आलं, हे तीन ओळींत.
५. मा. राज्यपाल, महाराष्ट्र राज्य, मलबार हिल, मुंबई ४०००३५ या पत्त्यावर स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपा. जिल्हाधिकाऱ्यांमार्फत देत असाल तर दुय्यम प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्याच.

फुकट जातं ते बहुतेक वेळा एकाच कारणाने: राज्यपालाच्या हातात नसलेलं काम मागितलेलं असतं. बदली, बोअरवेल, पीकविम्याची रक्कम, पोलीस तक्रार यांत लोकभवन फक्त पत्र पुढे पाठवतं, आणि ते फिरून तुमच्याच तहसीलदाराच्या टेबलावर येतं. कोर्टात चालू असलेल्या प्रकरणात तर तेवढंही होत नाही. राज्यपालांचं स्वतःचं क्षेत्र म्हणजे अनुसूचित क्षेत्राची अधिसूचना, विधेयकावरची संमती, विद्यापीठाचं कुलपतिपद आणि शिक्षामाफीचा अर्ज. यांपैकी काही असेल तर पत्राच्या विषयाच्या ओळीतच तसं लिहा.

विद्यापीठाने निकाल अडवला तर कुलपतींकडे जावं का?

जाता येतं, पण शेवटी. नागपूर, अमरावती, गोंडवाना, अकोल्याचं कृषी विद्यापीठ, रामटेकचं संस्कृत विद्यापीठ, सगळ्यांचे कुलपती राज्यपालच. आधी महाविद्यालयाचं पत्र, मग परीक्षा विभागात लेखी अर्ज, मग कुलगुरू. या तिन्हींच्या आवक प्रती जोडल्या नसतील तर कुलपती कार्यालय तुमचा अर्ज विद्यापीठालाच अहवालासाठी पाठवतं आणि महिना जातो.

पाठवलेल्या निवेदनाचं पुढे काय झालं, हे कसं कळेल?

दोन महिने थांबून माहिती अधिकाराचा अर्ज टाका. लोकभवनातही जनमाहिती अधिकारी असतो. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे अर्ज एका विषयाचा, १५० शब्दांच्या आत, वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. ‘माझं काम का झालं नाही’ असं विचारू नका. ‘का’ला उत्तर देणं अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. अमुक तारखेचं, अमुक स्पीड पोस्ट क्रमांकाचं निवेदन कोणत्या तारखेला, कोणत्या आवक-जावक क्रमांकाने, कोणत्या खात्याकडे पाठवलं, आणि त्या पत्राची प्रत द्या, असं मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प लावून. हातात जावक क्रमांक आला की मुंबई सोडा आणि तो कागद घेऊन ज्या खात्याचं नाव त्यावर आहे, त्याच्या जिल्हा कार्यालयात जा.